वाचकांचे प्रश्न: ॲलन शिअरर मँचेस्टरला का गेला नाही, आणि बाकीचं बरंच काही

मागच्या अंकात प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगच्या, विक्रमांवर लिहिताना ॲलन शिअररचं नाव एका ओळीत येऊन गेलं, २६० गोल, सर्वकालीन विक्रम, पुढे चला. तर त्या एका ओळीवर इतके मेल आले की संपादक म्हणाले, आता पुढचा अख्खा कॉलम त्याच्यावरच होऊ दे. ज्यांना तो फक्त टीव्हीवर बसून बोलणारा टकला गृहस्थ म्हणून माहितीये त्यांच्यासाठी थोडक्यात: जन्म १३ ऑगस्ट १९७०, न्यूकासलच्या गॉसफोर्थ भागात, वडील पत्र्याचं काम करणारे कामगार, पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडून थेट इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला साउदॅम्प्टनला गेला, मग चार वर्षं ब्लॅकबर्न, मग दहा वर्षं आपल्या गावचा न्यूकासल क्लब, आणि २००६ ला निवृत्ती. आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: मँचेस्टर युनायटेडने दोनदा बोलावलं आणि हा दोन्ही वेळा नाही म्हणाला. त्यांच्या मॅनेजर फर्ग्युसनकडे गेला असता तर मेडलं ठेवायला कपाट पुरलं नसतं. त्याऐवजी आख्ख्या करिअरमध्ये एकच लीग! आमच्याकडे असल्या माणसाला काय म्हणतात ते तुम्ही छापणार नाही. खरंच येडा होता का तो? (एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर: हा प्रश्न शिवाजी पेठेतून यावा म्हणजे कमाल झाली हो. शिवाजी तरुण मंडळाच्या गल्लीत वाढलेला पोरगा उद्या कट्टर दुश्मन पाटाकडीलची जर्सी घालून शाहू स्टेडियमवर उतरला तर त्या रात्री घरात त्याला ताट वाढतील का, ते आधी तुम्ही सांगा, मग मी शिअररचं सांगतो.

पण गंमत बाजूला, कारण हे अर्धंच उत्तर झालं. दोन नकारांपैकी पहिल्याचा गावाशी काही संबंधच नव्हता. १९९२ चा उन्हाळा, शिअरर बावीसला टेकलेला, साउदॅम्प्टनकडून खेळत होता, फेब्रुवारीत इंग्लंडकडून फ्रान्सविरुद्ध पहिल्याच मॅचमध्ये गोल मारलेला, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. फर्ग्युसनलाही तो हवा होता. आणि हा गेला कुठे, तर ब्लॅकबर्नला, जो क्लब नुकताच प्लेऑफ जिंकून वरच्या डिव्हिजनमध्ये आला होता! किंमत साधारण ३५ लाख पौंड, त्या वेळी ब्रिटनमधला विक्रम. का गेला? तर ब्लॅकबर्नच्या मागे जॅक वॉकर नावाचा पोलादाच्या धंद्यात गबर झालेला गावचाच माणूस पैसा ओतत होता, आणि मॅनेजर होता केनी डॅलग्लिश. डॅलग्लिशने सगळी टीमच शिअररभोवती बांधायची ठरवली होती, दोन्ही बाजूंनी रिप्ली आणि विलकॉक्स क्रॉस टाकणार, मध्ये हा एकटा डोकं आणि पाय घेऊन उभा. सेंटर फॉरवर्डला याहून जास्त काय पाहिजे असतं? युनायटेडमध्ये तो अनेकांतला एक झाला असता. मला तरी हा चोख हिशोब वाटतो, यात येडेपणा कुठेय?

युनायटेडचं काय झालं तेही बघा ना. शिअरर नाही म्हणाला म्हणून त्यांनी डायन डब्लिनला घेतलं, त्याचा सप्टेंबरमध्येच पाय मोडला, मग परत शोधाशोध आणि नोव्हेंबरात लीड्सकडून बारा लाखांत आला एरिक कँटोना. पुढचं तुम्हाला माहितीच आहे. म्हणजे शिअररचा नकार फर्ग्युसनला लाभला असंच म्हणायचं.

इकडे शिअररने पहिल्या २१ मॅचमध्ये १६ गोल ठोकले आणि डिसेंबरमध्ये गुडघ्याचं लिगामेंट गेलं, सीझन संपला. परत आला तो ३१ गोल, त्याच्या पुढच्या वर्षी ३४, त्याच्या पुढच्या वर्षी परत ३१. सलग तीन सीझन तिशीच्या वर. यातल्या मधल्या वर्षी, म्हणजे १९९४-९५ ला, ब्लॅकबर्नने लीग जिंकली, १९१४ नंतर पहिल्यांदा. शेवटचा दिवस १४ मे, ॲनफिल्डवर लिव्हरपूलशी मॅच. शिअररने पहिला गोल मारला, मग लिव्हरपूलने बरोबरी केली आणि अगदी शेवटच्या क्षणाला जेमी रेडनॅपच्या फ्री किकने ब्लॅकबर्न चक्क हरलं. तिकडे लंडनमध्ये युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध नुसती मॅच जिंकायची होती, पण गोलकीपर मिक्लोश्को असा काही उभा राहिला की मॅच १-१. ॲनफिल्डवर हरलेली टीम उड्या मारतेय आणि जिंकलेली लिव्हरपूलची टीम त्यांना टाळ्या देतेय, असलं दृश्य फुटबॉलमध्ये क्वचितच बघायला मिळतं. ८९ विरुद्ध ८८, एका पॉइंटाने लीग! आणि मग पत्रकारांनी विचारलं, सेलिब्रेशन काय केलंस, तर म्हणाला घरी जाऊन कुंपणाच्या फळ्यांना क्रिओसोट लावलं, ते लाकूड कुजू नये म्हणून लावतात ते काळपट तेल. लोक अजून हसतात त्यावर. मला वाटतं शिअरर समजून घ्यायचा तर ही एक गोष्ट पुरे, या माणसाला नाटक जमत नाही.

आता दुसरा नकार, १९९६, आणि इथे मात्र गाव आलं. युरो ९६ मध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, सगळ्यात जास्त पाच गोल मारून गोल्डन बूट घेतलेला, जगातला सगळ्यात महाग स्ट्रायकर होणार हे उघड होतं. तो फर्ग्युसनलाही भेटला आणि न्यूकासलचा तेव्हाचा मॅनेजर केव्हिन कीगनलाही भेटला. फर्ग्युसनकडे जायचा विचार त्याने अगदी गंभीरपणे केला होता, पण ब्लॅकबर्नच्या वॉकरना तो युनायटेडला द्यायचा नव्हता हेही तितकंच खरं, त्यामुळे सगळं श्रेय प्रेमाला देऊ नका, व्यवहारही होता. शेवटी दीड कोटी पौंड, तेव्हाचा जागतिक विक्रम, आणि शिअरर घरी. न्यूकासलच्या सेंट जेम्स पार्क स्टेडियमच्या बाहेर भर पावसात पंधरा हजारांच्या आसपास माणसं नुसती त्याला बघायला उभी होती, आणि त्याने सांगितलं काय, तर मी पत्र्याचं काम करणाऱ्या कामगाराचा पोरगा आहे. लहानपणी तो याच ग्राउंडवर कीगनला खेळताना बघायला रांगेत उभा राहायचा. नऊ नंबरची जर्सी त्याला हवी होती, ती लेस फर्डिनंडकडे होती, लेसने सोडली. न्यूकासलमध्ये नऊ नंबर म्हणजे जॅकी मिलबर्न, माल्कम मॅकडोनल्ड असली परंपरा, ती जर्सी मागणं सोपं नसतं.

त्याच उन्हाळ्यात युनायटेडने एक बारकासा नॉर्वेजियन पोरगा घेतला, ओले गुन्नार सोल्शार. १९९९ ला चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये शेवटचा गोल कोणी मारला ते सांगायला नको.

मिळालं काय मग शिअररला? लीग नाही. १९९८ ची एफए कप फायनल आर्सेनलकडून २-० हरले, १९९९ ची युनायटेडकडून २-०. कागदावर शून्य. पण २०६ गोल, मिलबर्नचा २०० चा विक्रम मोडून, जो जवळपास पन्नास वर्षं टिकला होता. आणि आजही त्या शहरात तो रस्त्याने चालला तर काय होत असेल याचा अंदाज कोल्हापूरकरांना करता येईल. त्याला आजवर शंभरदा विचारलंय की पश्चात्ताप होतो का, आणि दर वेळी तो नाही म्हणालाय. आपण मात्र इथे बसून त्याच्यासाठी हळहळतोय. जी गोष्ट त्याने मागितली ती त्याला मिळाली, आपण त्याच्या वतीने भलतीच गोष्ट मागत बसलो तर तो आपला प्रॉब्लेम.

प्रश्न: तुम्ही २६० ला सर्वकालीन विक्रम म्हणता. इंग्लंडमध्ये फुटबॉल १९९२ साली सुरू झाला असा आपला समज दिसतो. कृपया खुलासा करावा. (एक ज्येष्ठ वाचक, दादर)

उत्तर: काका, टोमणा पोचला, आणि मुद्दा एकदम बरोबर आहे. १९९२ ला फक्त नाव बदललं आणि टीव्हीचा पैसा आला. पहिल्या दर्जाच्या इंग्लिश लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल जिमी ग्रीव्हजचे, ३५७. शिअररचे साउदॅम्प्टनचे २३ धरले तर २८३ होतात. आणि डिक्सी डीनने १९२७-२८ च्या एका सीझनमध्ये ६० मारले होते, त्याच्याजवळ तर कोणी फिरकतच नाही. बाय द वे, ग्रीव्हजशी शिअररचा एक जुना हिशोब आहे. ९ एप्रिल १९८८, साउदॅम्प्टनच्या द डेल ग्राउंडवर आर्सेनलविरुद्ध, शिअररला पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळवलं, वय १७ वर्षं २४० दिवस, आणि पोराने हॅटट्रिक मारली. सगळ्यात लहान वयात पहिल्या डिव्हिजनमध्ये हॅटट्रिक करायचा ग्रीव्हजचा विक्रम मोडला. मजा म्हणजे त्यानंतर तो लगेच स्टार वगैरे झाला नाही, साउदॅम्प्टनला ११८ लीग मॅचमध्ये फक्त तेवीस गोल, बाजूला पळायचा, दुसऱ्यांसाठी जागा करायचा, मारामारी करून बॉल टिकवायचा. ते बघून डॅलग्लिशने त्याच्यावर एवढा पैसा लावला म्हणजे नजर होती राव माणसाला.

प्रश्न: सर, हॅरी केन परत इंग्लंडला आला तर २६० मोडेल का? की हालांड मोडेल? माझी मित्राशी पैज लागलीये. (बारावीतला वाचक, नाशिक)

उत्तर: पैजा लावू नकोस, बारावी आहे ना तुझी? केन २१३ वर असताना २०२३ ला जर्मनीतल्या बायर्न म्युनिकला गेला, म्हणजे ४७ कमी पडतात, आणि त्याचा जन्म १९९३ चा. आला तरी दोन-तीन चांगले सीझन पाहिजेत, तेही पस्तिशीकडे झुकताना. जाताना त्याला विक्रमापेक्षा ट्रॉफी हवी होती, म्हणजे शिअररच्या बरोब्बर उलटा हिशोब त्याने केला, आणि बायर्नकडून लीग जिंकला पण. मँचेस्टर सिटीच्या हालांडचं म्हणशील तर त्याचा वेग शिअररपेक्षा भारी आहे, २०२२-२३ ला ३८ मॅचच्या सीझनमध्ये ३६ मारले त्याने, शिअररचे ३४ हे ४२ मॅचच्या सीझनमधले होते. टिकला तर मोडेल. पण हे 'टिकला तर' फार महत्त्वाचंय. शिअररची दोन वर्षं दुखापतीने खाल्ली, एकदा गुडघा आणि १९९७ च्या उन्हाळ्यात एव्हर्टनच्या ग्राउंडवर एका प्रीसीझन मॅचमध्ये घोटा असा गेला की ९७-९८ ला लीगमध्ये फक्त १७ मॅच आणि दोन गोल. ते धडधाकट गेलं असतं तर आपण आज तीनशेबद्दल बोलत असतो, आणि मग तुझी पैज लागलीच नसती.

प्रश्न: गुलिटने शिअररला बेंचवर बसवलं आणि स्वतःचीच नोकरी घालवली असं ऐकलं. नक्की काय झालेलं? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: ऐकलं ते खरं, फक्त शिअररला बसवलं हे एकच कारण नव्हतं. २५ ऑगस्ट १९९९. न्यूकासलची मॅच संडरलंडशी, म्हणजे शेजारच्या गावाशी, आणि ही दुश्मनी अशी आहे की वर्षभर हरलात तरी चालेल पण ही एक हरू नका. न्यूकासलची सुरुवात आधीच वाईट झालेली, आणि मॅनेजर रूड गुलिटने टीम जाहीर केली त्यात शिअरर नाही, डंकन फर्ग्युसनही नाही, कॅप्टन बाहेर आणि पुढे एक नवखा पोरगा. धो धो पाऊस. डायरने न्यूकासलला पुढे नेलं, मग संडरलंडच्या नायल क्विनने हेडर मारला आणि केव्हिन फिलिप्सने दुसरा, मॅच गेली २-१. शिअरर शेवटी शेवटी सब म्हणून उतरला पण मैदानात पाणी साचलेलं, कोण काय करणार. तीन दिवसांत गुलिटने नोकरी सोडली.

गुलिट खेळाडू म्हणून शिअररपेक्षा मोठा, हे मी बिनदिक्कत म्हणेन, पण आपण कुठल्या गावात आलोय हे त्याला कधी कळलंच नाही. त्याच्या जागी आले बॉबी रॉबसन, वय सहासष्ट, तिथल्याच डरहम भागातल्या खाण कामगाराचा मुलगा. त्यांनी काय केलं ते बघण्यासारखंय. शिअरर तोवर गोलकडे पाठ करून खेळायला लागला होता, बॉल घ्यायचा, अंगावर डिफेंडर झेलायचा आणि मागे द्यायचा, संपला विषय. रॉबसननी त्याला सांगितलं की बॉल यायच्या आधी अंग अर्धं वळव, बाजूने उभा रहा, म्हणजे गोल पण दिसेल आणि मागच्याच्या पुढे पळता पण येईल. एवढंच. वय २९ असलेल्या इंग्लंडच्या कॅप्टनला उभं कसं राहायचं ते शिकवलं आणि त्याने ऐकलं, याचं मला जास्त कौतुक वाटतं. रॉबसनची घरची पहिली मॅच, १९ सप्टेंबर, शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध ८-०, शिअररचे पाच. पुढे हीच टीम चॅम्पियन्स लीग खेळली, २००३ ला मिलानमध्ये सान सिरोवर इंटरविरुद्ध २-२ झाली त्यात दोन्ही गोल शिअररचे, तेव्हा तो ३२ वर्षांचा होता.

प्रश्न: इंग्लंडकडून त्याने लवकर रिटायरमेंट घेतली ना? (नागपूर)

उत्तर: हो, युरो २००० नंतर, तिशी पूर्ण व्हायच्या आत. ६३ मॅच, ३० गोल. युरो ९६ च्या आधी एकवीस महिने इंग्लंडकडून एकही गोल नव्हता, पेपरवाल्यांनी फाडून खाल्लेलं, मॅनेजर टेरी व्हेनेबल्स मात्र ठाम, खेळणार तर शिअररच. मग पाच गोल, त्यातला सेमीफायनलमधला जर्मनीविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला हेडर, आणि शेवटी पेनल्टीवर हार. ९८ च्या वर्ल्डकपला अर्जेंटिनाविरुद्ध सोल कॅम्पबेलचा गोल रद्द झाला तो शिअररच्याच कोपरामुळे, रेफ्रीने फाउल दिला, बरोबर दिला माझ्या मते. कोपर हा त्याच्या खेळाचा भागच होता, साधुसंत नव्हता तो काही. जाता जाता युरो २००० ला शार्लरुआमध्ये जर्मनीला हरवणारा एकमेव गोल मारला, १९६६ नंतर मोठ्या स्पर्धेत जर्मनीवर पहिला विजय, पण टीम ग्रुपमध्येच गारद.

प्रश्न: माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, अकॅडमीत जातो. तिथे हेडिंगची प्रॅक्टिस रोज घेतात आणि घरी आल्यावर डोकं दुखतं म्हणतो. शिअररने याच विषयावर काहीतरी केलं होतं असं वाचलं. काळजी करायची का? (एक आई, पुणे)

उत्तर: ताई, आधी सरळ सांगतो, डोकं दुखतंय म्हणतोय ना, मग ती प्रॅक्टिस आजपासून बंद आणि डॉक्टरांना दाखवा. मी डॉक्टर नाही. बाकीचं नंतर वाचा.

शिअररने २०१७ साली बीबीसीसाठी फुटबॉल आणि डिमेन्शियावर (स्मृतिभ्रंशावर) एक डॉक्युमेंटरी केली. त्याचे प्रीमियर लीगमधले चाळीसच्या वर गोल डोक्याने मारलेले, आणि त्याचं म्हणणं असं की मॅचमधला एक गोल दिसतो पण त्याच्यासाठी ट्रेनिंगमध्ये असंख्य वेळा तोच बॉल डोक्यावर घेतलेला असतो, त्याचं काय? स्वतःच्या मेंदूचं स्कॅनही त्याने करून घेतलं. ज्या घरांमधले जुने खेळाडू सगळं विसरायला लागले होते त्या घरांत तो गेला. त्यात जेफ ॲसल हे नाव सारखं येतं, वेस्ट ब्रॉमचा स्ट्रायकर, हेडरसाठी प्रसिद्ध, २००२ ला ५९ व्या वर्षी गेला आणि मृत्यूच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की हा कामामुळे झालेला आजार आहे, गिरणीतल्या किंवा खाणीतल्या कामगाराला होतो तसा. त्यानंतरही फुटबॉलच्या संघटना वर्षानुवर्षं ढिम्म बसून होत्या, आणि ते मला फार चीड आणणारं वाटतं, कारण पैसा तर रग्गड होता.

२०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठाचा अभ्यास आला, १९७६ पर्यंत जन्मलेले स्कॉटलंडचे साडेसात हजारांवर माजी प्रोफेशनल खेळाडू आणि त्यांच्यासारखेच सामान्य लोक यांची तुलना. मेंदूच्या झिजेच्या आजारांनी मृत्यू यायचं प्रमाण खेळाडूंमध्ये साधारण साडेतीन पट निघालं. पुढच्या टप्प्यात दिसलं की डिफेंडरना धोका सगळ्यात जास्त आणि गोलकीपरना सामान्य माणसाएवढाच, आणि गोलकीपर हेडर मारत नाही हे सांगायला नकोच. हेडिंगमुळेच होतं असं त्या आकड्यांतून शंभर टक्के सिद्ध होत नाही, पण बोट कुठे जातं ते दिसतं. आणि हो, हे आयुष्यभर खेळलेल्या प्रोफेशनल लोकांबद्दल आहे, अकॅडमीत जाणाऱ्या पोराबद्दल नाही, तेव्हा घाबरून फुटबॉलच बंद करू नका, पळणं-खेळणं थांबवण्याचं नुकसान वेगळंच आहे.

तुमच्या कामाची गोष्ट ही: फेब्रुवारी २०२० पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये प्रायमरी शाळेच्या वयाच्या मुलांना ट्रेनिंगमध्ये हेडिंग शिकवायचंच नाही असं मार्गदर्शन आहे. अकरा-बारानंतर हळूहळू, तेही मोजून. मोठ्या प्रोफेशनल खेळाडूंनासुद्धा २०२१ पासून जोरदार हेडर आठवड्याला दहापेक्षा जास्त घेऊ नयेत असं सांगितलंय. मग नऊ वर्षांच्या पोराला रोज कशाला? कोचला हे शांतपणे सांगा, भांडू नका, बऱ्याच कोचना खरंच माहीत नसतं, त्यांनी स्वतः जसं शिकलं तसं ते शिकवतात. टायमिंग शिकवायचंच असेल तर फुग्यावर किंवा हलक्या स्पंजच्या बॉलवर शिकवता येतं. आणि कोच म्हणाला की शिअरर पण असाच तयार झाला, तर सांगा की शिअररलाच आता त्याची काळजी वाटतेय.

प्रश्न: एवढा मोठा खेळाडू, मॅनेजर म्हणून फ्लॉप का? (ठाणे)

उत्तर: आठ मॅचवरून फ्लॉप म्हणायचं का ते तुम्ही ठरवा. १ एप्रिल २००९, तारखेवरून जोक झालेच, न्यूकासल खालून तिसरे, मॅनेजर जो किनियर हृदयाच्या ऑपरेशनमुळे बाजूला, आणि मालकांनी शिअररला बोलावलं. एक जिंकली, मिडल्सब्रोविरुद्ध, दोन ड्रॉ, पाच हरले. शेवटच्या दिवशी ॲस्टन व्हिलाविरुद्ध नुसता ड्रॉ चालला असता, डेमियन डफच्या पायाला लागून बॉल आपल्याच गोलमध्ये गेला, १-०, क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये. टीम आधीच सडलेली होती, पण त्याने त्यात काही जादू केली नाही हेही खरंय. कायम ठेवतील असं त्याला वाटत होतं, फोन आलाच नाही. त्यानंतर त्याने मॅनेजरगिरी केली नाही, शहाणपणा केला.

आता पटापट.

शेवटचा गोल कोणता? (सातारा) १७ एप्रिल २००६, संडरलंडच्या ग्राउंडवर पेनल्टी, ४-१ जिंकले. त्याच मॅचमध्ये थोड्या वेळाने गुडघा दुखावला आणि सीझनच्या तीन मॅच बाकी असताना करिअर संपलं. संडरलंडविरुद्ध शेवट झाला म्हणून न्यूकासलवाले त्यातही खूश.

पेनल्टी किती? त्या काढल्या तर विक्रम राहतो का? (अमरावती) ५६, अकरा हुकवल्या. काढून २०४ उरतात, म्हणजे केन आणि रूनी पुढे जातात. पण मग त्यांच्याही काढा ना, हा कुठला न्याय?

मॅचच्या आधी काय खायचा? (चिंचवड) चिकन आणि बीन्स. डाएट प्लॅन वगैरे विचारू नका.

समाजकार्य करतो का? (लातूर) न्यूकासलमध्ये त्याच्या नावाचं सेंटर आहे, अपंग मुलं आणि मोठ्यांसाठी, तिथे कुटुंबांना थोडा विसावा मिळतो, त्यासाठी त्याचं फाउंडेशन पैसे उभे करतं. २०१६ ला त्याला सीबीई हा ब्रिटिश सरकारी सन्मान मिळाला, त्यात हेही कारण होतं. स्टेडियमबाहेरचा पुतळाही त्याच वर्षीचा, एक हात वर करून.

न्यूकासलने शेवटी काही जिंकलं का? (डोंबिवली) जिंकलं! मार्च २०२५, लीग कप, वेम्बलीवर लिव्हरपूलला २-१. देशातली मोठी ट्रॉफी १९५५ नंतर पहिल्यांदा. पहिला गोल डॅन बर्नचा, तिथल्याच ब्लाइदचा पोरगा, लहानपणी याच क्लबने त्याला नको म्हणून सोडलेला. शिअरर प्रेक्षकांत होता आणि नऊ वर्षांच्या पोरासारखा नाचत होता.

टीव्हीवर तो इतका रटाळ का बोलतो? (बोरिवली) पंधरा वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर मान्य केलं असतं, तेव्हा जे पडद्यावर दिसतंय तेच सांगायचा. आता नाही. गुलिटच्या काळातलं, कीगनच्या काळातलं तो पॉडकास्टवर मोकळं बोलतो, स्वतःवर हसतो. आणि मार्च २०२३ ला 'मॅच ऑफ द डे' या फुटबॉल कार्यक्रमाच्या सूत्रधाराला, लिनेकरला, बीबीसीने एका ट्वीटवरून बाजूला बसवलं तेव्हा तिथेच बोलणारा इयन राइट आधी आणि पाठोपाठ शिअरर, दोघांनी सांगून टाकलं की आम्ही पण येत नाही. त्या शनिवारी मॅच ऑफ द डे वीस मिनिटांत, कोणी न बोलता संपला. काही प्रेक्षक म्हणाले असाच बरा वाटतो, तुम्ही बहुतेक त्यांच्यातले.